मोटरहोमची बॅटरी उकळतेय, कटआऊट बदलूनही चार्जिंग १५.६ व्होल्टवर

गगनबावडेकर:
नमस्कार मंडळी. जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेऊन आम्ही कोल्हापुरात घरीच तिची मोटरहोम केलीय. आईचे गुडघे गेलेत, लॉजचे जिने तिला चढवत नाहीत, म्हणून गाडीतच पलंग केला. त्या पलंगाखाली १५० एएचची (अँपिअर-तास) ट्यूब्युलर बॅटरी. पंखा, दिवे, छोटा फ्रीज तिच्यावर. इंजिनची बॅटरी पुढं वेगळी. दोन्हींना चार्जिंग इंजिनवरच्या एकाच अल्टरनेटरचं (मेकॅनिक त्यालाच डायनामो म्हणतात), मध्ये दोन्ही बॅटऱ्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवणारा डायोडचा आयसोलेटर.

रविवारी राधानगरीहून येताना आई म्हणाली, "अंडं नासल्यागत वास येतोय रे." मला वाटलं बाहेरून येत असेल. घरी येऊन पलंगाची फळी उचलली तर बॅटरीला हात लावून ठेववत नव्हता. बुचांभोवती ओल, टर्मिनलवर पांढरी पावडर, सहाही घरांत पाणी प्लेटांच्या खाली. महिन्यापूर्वीच भरलं होतं, तरी लिटरभर डिस्टिल्ड वॉटर बसलं.

मीटर लावला: इंजिन बंद असताना १२.७ व्होल्ट, स्टार्टवर १४.९, रेस दिली की १५.६. हेडलाइट लावूनही फरक नाही. मेकॅनिक म्हणाले कटआऊट, म्हणजे चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, गेलाय. बदलला, पुन्हा १५.६च. आता म्हणतात अख्खा डायनामो नवा टाका. टाकू का? पुढच्या आठवड्यात आईला आंबोलीला न्यायचंय. ती झोपते त्याच्या खाली हे उकळतंय, या विचारानं मला झोप नाही.

घाटवाट:
डायनामोचं नंतर बघा, आधी आईंना त्या गाडीत झोपवू नका. उकळणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, एका ठिणगीनं भडकतो. नासक्या अंड्याचा वास येतो तो गॅस तर विषारीच. बॅटरीला झाकणाचा डबा करा आणि डब्याच्या वरच्या अंगाला नळी काढून थेट गाडीबाहेर सोडा. हायड्रोजन हलका, वर चढतो. खाली भोकं पाडून उपयोग नाही.

उद्यमनगर_वायरिंग:
भावा, डायनामो घेऊ नको, थांब जरा. तीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून सांगतो.

तुझ्याच आकड्यात उत्तर आहे. कटआऊट दोन आणि आकडा तोच, १५.६. दोन्ही खराब असते तर आकडा असा जुळला नसता. दोघंही कुठंतरी एकच चुकीचं व्होल्टेज बघतायत.

आता आयसोलेटरचं. डायोडमधून जाताना पाऊण एक व्होल्ट खाल्लं जातं. ते भरून निघावं म्हणून अल्टरनेटरची बारीक सेन्स वायर आयसोलेटरच्या पलीकडं, थेट बॅटरीच्या प्लसवर नेतात. बॅटरीवर किती आलंय ते कटआऊट त्या वायरीतून बघतो आणि कमी दिसलं की जोर वाढवतो. त्या वायरीत कुठं गंज धरला, थिंबल (वायरीच्या टोकाची कडी) ढिला झाला, तर त्याला कमीच दिसणार. बिचारा वाढवत जातो आणि बॅटरी उकळते.

असं बघ. मीटरचा काळा मागच्या बॅटरीच्या मायनसवर ठेव. गाडी स्टार्ट करून कुणाला तरी रेस द्यायला सांग. लाल आधी बॅटरीच्या प्लसवर लाव, मग अल्टरनेटरच्या मागच्या सेन्स पिनवर. वायर काढायची नाही, जोडलेली असतानाच मागून टोचायचं. दोन्हीकडं १५.६ आलं तर दोष कटआऊटचा. पिनवर कमी आलं तर वायर. अर्थिंगही बघून घे, लाल अल्टरनेटरच्या बॉडीला लाव, ०.२ च्या वर येता कामा नये.

आणि चालू गाडीत टर्मिनल काढून "चार्जिंग येतंय का" बघायची सवय आहे काहींना. तू ते करू नको, करूही देऊ नको. बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड, कटआऊट सगळं घेऊन जातं.

गगनबावडेकर:
काका, आत्ता करून आलो. बॅटरीवर १५.६, पिनवर १४.२! बॉडीला ०.०८, म्हणजे अर्थिंग ठीक. मग सेन्स वायर हातानं चाचपत मागं गेलो. पलंगाखाली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर एक छोटा फ्यूज होल्डर आहे. उघडला तर आत हिरवंगार. फ्यूज शाबूत, पण त्याची दोन्ही पाती हिरव्या थरात बुडालेली. वरच्या फळीला पाणी मुरल्याचा डाग आहे, गेल्या पावसाळ्यात खिडकी तिथंच गळत होती.

उद्यमनगर_वायरिंग:
बरोबर, १.४ व्होल्ट तिथंच खाल्लं जात होतं. फ्यूज नुसता घासून परत बसवू नको. गंज वायरीच्या आत तांब्याच्या तारांवर चढतो, वरून दिसत नाही. तार काळी दिसेल तिथपर्यंत कापून टाक. नवीन होल्डर वरच्या बाजूला, पाणी येणार नाही असा घे, थिंबल दाबून बसव. फ्यूज मात्र काढून टाकू नको, ती वायर बॅटरीवरून थेट येते, कुठं घासली तर पेट घेईल.

गगनबावडेकर:
झालं. दोन वीत तार काळी निघाली, तेवढी कापली. आता स्टार्टवर १४.१, रेसवर १४.३, हेडलाइट लावून १४.२. अर्धा तास चालवली, बॅटरी कोमट. डबा करायला टाकलाय, नळी चाकाच्या वरच्या पत्र्यातून बाहेर काढतोय. नवीन कटआऊट आता राहू दे ना गाडीत?

उद्यमनगर_वायरिंग:
राहू दे, जुना जपून ठेव, चांगलाच असणार. बॅटरी पूर्ण चार्ज कर, चार तास तशीच सोड आणि हायड्रोमीटरनं सहाही घरांची ग्रॅव्हिटी (आतल्या आम्लाची घनता) बघ. एखादं घर बाकीच्यांपेक्षा फारच खाली आलं तर ती बॅटरी घेऊन आंबोलीला जाऊ नको. आकडे इथं टाक, मी बघतो.