मदत हवी आहे: मुलीच्या तोतरेपणावर मराठीतून उपचार
आमची पाच वर्षांची मुलगी वर्षभरापासून शब्दाच्या पहिल्या अक्षरावर अडखळते. घरातील वडीलधारी मंडळी वेखंड चाटवायला सांगतात. पण २०१० साली जीएनपीटॅब या जनुकातील बदलांचा काही कुटुंबांतील तोतरेपणाशी संबंध आढळल्याचे वाचल्यापासून दोष जिभेचा नाही, असे मला वाटते. सिडनीत विकसित झालेल्या लिडकोम्ब पद्धतीत वाचातज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली पालकच रोज मुलाच्या न अडखळता बोललेल्या वाक्याचे कौतुक करतात. ही पद्धत साताऱ्याजवळ किंवा ऑनलाइन मराठीतून कोणी शिकवते का? वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा व श्रवणदोषांवरील संस्थेचा अनुभव कोणास आहे का? शिवाय, 'छान, सलग बोललीस' हे कौतुकाचे वाक्य आमच्या तोंडी फारच शाळामास्तरी वाटते; आपण मुलांशी कोणते शब्द वापरलेत, तेही कृपया कळवावे.