शेफशावन: फेसहून की टँजियरहून?
मोरोक्कोतल्या फेस शहराहून खासगी गाडी करून शेफशावन हे निळ्या घरांचं डोंगरी गाव एका दिवसात होईल का, असं विचारलंय. होतं, पण जाऊन-येऊन आठेक तास गाडीतच जातात. रीफ डोंगरातल्या वळणांनी मुलं कंटाळतात. टँजियरहून जेमतेम ११० किलोमीटर, अडीच तासांत पोचता. जमल्यास तिथूनच जा. १४७१ साली वसलेलं हे गाव पायीच बघायचं, जुन्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही. रास एल-मा झऱ्यावर मात्र निवांत बसा. पाणी इतकं गार, की रसवाले संत्री त्यातच ठेवतात! शेळीचं ताजं चीज नक्की खा. आणि स्पॅनिश मशिदीच्या टेकडीवरून मावळतीला निळं गाव बघायचं असेल, तर सरळ एक मुक्कामच करा.