चर्चा: धडधाकट माणसानं पॅकेजमधली 'कॅन्सर प्रोफाइल' करावी का?

बजाजनगर_वाला (धागाकर्ता)
नागपुरात सध्या लॅबच्या फुल बॉडी पॅकेजांचे मेसेज येऊन पडताहेत. साखर, थायरॉइड, व्हिटॅमिन डी, आणि थोडे पैसे जास्त दिले की 'कॅन्सर प्रोफाइल': बायकांना सीए-१२५ (ओव्हरीसाठी), पुरुषांना पीएसए (प्रोस्टेटसाठी), दोघांनाही सीईए (मोठ्या आतड्यासाठी) आणि सीए १९-९ (स्वादुपिंडासाठी). हे 'मार्कर', म्हणजे कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारे पदार्थ.

माझं मत सरळ आहे. ज्याला काही त्रास नाही, त्यानं ही प्रोफाइल करू नये.

माझ्या वहिनीनं केली. सीए-१२५ आला ६८, मर्यादा ३५. रिपोर्टवर आकडा ठळक छापलेला, शेजारी वर जाणारा बाण. तो बाण बघून घरात कुणी धड जेवलं नाही. सोनोग्राफी झाली, एमआरआय झाला, धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांच्या चकरा झाल्या. निघालं एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार, कॅन्सर नव्हे. त्यात रक्त दिलं होतं पाळीच्या दिवसांत, आणि लॅबमध्ये कुणी तेवढंही विचारलं नव्हतं. पाळी, गरोदरपण, फायब्रॉइड, पोटाचा टीबी, लिव्हरचा आजार, कशानंही हा आकडा वाढतो.

नंदनवन_ताई
दादा, तुमच्या वहिनींना मनस्ताप झाला हे खरं, पण लोकांना तपासणीपासूनच दूर लोटू नका. माझ्या काकांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. पुढे दर काही महिन्यांनी सीईए करायचे. तब्येत ठणठणीत होती आणि सीईए चढायला लागला. स्कॅन केला तर लिव्हरमध्ये एकच छोटी गाठ. काढता आली. काका आज अंबाझरीला फिरायला जातात. रक्ताची तपासणी नसती तर?

बजाजनगर_वाला
ताई, काकांचं ऐकून फार बरं वाटलं. पण त्यांचं निदान आधीच झालेलं होतं. त्यांचा आकडा त्यांच्याच आधीच्या आकड्याशी ताडून बघत होते. सीईए त्याच कामासाठी चांगला आहे. निरोगी माणसात तो नुसत्या बिडी-सिगरेटनंही वाढतो, आणि आतड्याचा कॅन्सर सुरुवातीचा असेल तर पुष्कळदा वाढतच नाही.

काचपट्टी
लॅबमध्ये पॅथॉलॉजीचं काम करते, म्हणून थोडं सविस्तर.

मार्कर निरुपयोगी आहेत असा अर्थ कुणी काढू नये. अंडकोषाच्या कॅन्सरमध्ये एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच हे आकडे तर स्टेज ठरवण्यातच धरले जातात. रुग्ण बरा होण्याची शक्यता किती, केमो किती द्यायची, हे त्यावर ठरतं. ऑपरेशननंतर एएफपी साधारण ५ ते ७ दिवसांत निम्मा व्हायला हवा. तसा उतरला नाही तर शरीरात कुठेतरी आजार उरलाय. सिरॉसिसच्या (लिव्हर कडक होण्याच्या आजाराच्या) रुग्णाला लिव्हरच्या कॅन्सरवर लक्ष ठेवायला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतात, तिच्या जोडीला एएफपी करतात.

आता उलट बाजू. सीए १९-९ स्वादुपिंडासाठी वापरतात, पण पित्तनळीत खडा अडकून कावीळ झाली तरी तो भरमसाट वाढतो. आणि शंभरातल्या ५ ते १० जणांच्या शरीरात तो रक्तगटाच्या एका प्रकारामुळे बनतच नाही. अशा माणसाला कॅन्सर असला तरी रिपोर्ट नॉर्मल!

आणखी एक कळकळीची विनंती: ज्यांचे मार्कर नियमित होतात त्यांनी लॅब बदलू नका. मशीन आणि पद्धत बदलली की आकडा बदलतो. तो आजार वाढल्याचा आकडा नसतो.

मानेवाडा_रोड
मी तं उलटं म्हणतो. आपल्या विदर्भातला माणूस दवाखान्यात जातेच कवा? तुकडोजी चौकातल्या कॅन्सर हॉस्पिटलात जाऊन पाहा, खेड्यातून किती पुढच्या स्टेजले लोक येऊन राहिले. पॅकेजच्या नावानं का होईना, रक्त देऊन राहिले नं? त्यातून एकाचाही कॅन्सर लवकर सापडला तं काय वाईट आहे?

बजाजनगर_वाला
भाऊ, लवकर सापडला की जीव वाचतोच असं धरून चालता येत नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर हीच परीक्षा झाली. एका गटात दरवर्षी सीए-१२५ करत होते. २०२१ मध्ये निकाल आला: पुढच्या स्टेजचे कॅन्सर थोडे कमी झाले, पण ओव्हरीच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. अमेरिकेतल्या अभ्यासाचा निकाल २०११ चा. सीए-१२५ आणि सोनोग्राफीत ३,२८५ बायकांना खोटी घंटा वाजली, त्यांतल्या १,०८० जणींचं ऑपरेशन झालं, १६३ जणींना त्यातून गंभीर त्रास झाला. कॅन्सर यांतल्या एकीलाही नव्हता.

आणि विदर्भाचं म्हणता, तर आपल्याकडचा मोठा कॅन्सर तोंडाचा. पानठेल्यावर पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा गालात धरून बसलेली पोरं आपण रोज बघतो. तोंडाचा कॅन्सर त्रास नसताना शोधायला मान्य झालेला रक्ताचा मार्करच नाही! तिथं लागते टॉर्च. पांढरा-लाल चट्टा आहे का, तोंडात उभी तीन बोटं जातात का, हे बघायचं. केरळात असं तोंड तपासून तंबाखू-दारूवाल्यांतले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांश कमी झाले, २००५ चा अभ्यास आहे. खर्रा खाणारा माणूस हजारोंचं पॅकेज करून 'मार्कर नॉर्मल' म्हणून घरी जातो, याचा मला मनापासून राग येतो.

मानेवाडा_रोड
खर्र्याचं पटलं. पण त्या पोट्ट्याले टॉर्च दाखवाले कोण नेते, हे बी सांगा.

सेवानिवृत्त_एमएसईबी
सगळे मार्कर एका माळेत ओवू नका. माझं वय ६३. पीएसए मी करतो आणि करणार. युरोपातल्या मोठ्या अभ्यासात त्यानं प्रोस्टेट कॅन्सरचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी घटले.

काचपट्टी
काका, बरोबर आहे, पीएसएची गोष्ट वेगळी आहे. पण त्याच अभ्यासात १३ वर्षांनी हिशेब निघाला तो असा: एक मृत्यू टाळायला ७८१ जणांना तपासणीला बोलवावं लागलं, आणि २७ जणांचं जादा निदान झालं. त्यांतल्या पुष्कळांना तो कॅन्सर आयुष्यभर कळलाही नसता. ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून ठरवा. लघवीला जळजळ असताना मात्र रक्त देऊ नका, आकडा उगाच वाढलेला येईल.

नंदनवन_ताई
मग पंचेचाळिशीच्या बाईनं त्याच पैशांत करावं तरी काय?

बजाजनगर_वाला
गर्भाशयमुखाची एचपीव्ही तपासणी, म्हणजे तिथला कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्याची तपासणी. आपल्याच राज्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, एक लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं मृत्यू जवळजवळ निम्मे झाले, २००९ मध्ये छापून आलंय. सोबत डॉक्टरांकडून स्तनांची तपासणी आणि तोंडाची तपासणी. सरकारी कार्यक्रमातही तिशीनंतर गर्भाशयमुख, स्तन आणि तोंड या तिन्हींची तपासणी आहे.

नंदनवन_ताई
एचपीव्ही करीन. पण माझी आई ओव्हरीच्या कॅन्सरनं गेली. सीए-१२५ मी सोडणार नाही, कुणी काहीही म्हणो.

काचपट्टी
ताई, मग तुमचा प्रश्न पॅकेजचा नाहीच. आईचे जुने रिपोर्ट घेऊन कॅन्सरच्या डॉक्टरांना भेटा आणि बीआरसीए जनुकाच्या तपासणीबद्दल विचारा; त्यातल्या दोषानं ओव्हरीचा आणि स्तनाचा कॅन्सर घराण्यात चालत येऊ शकतो. तो दोष निघाला तर पुढचं सगळं वेगळं ठरतं, अगदी ओव्हरी आधीच काढायच्या का इथपर्यंत. बहिणी असतील तर त्यांनाही सांगा.