निमंत्रितांची स्क्वॉश स्पर्धा: बाद पद्धत ठेवावी की बदलावी?

गंगापूर_रोड

नाशिकमधील आमच्या क्लबमध्ये दर हिवाळ्यात निमंत्रित खेळाडूंची दोन दिवसांची स्क्वॉश स्पर्धा भरते आणि यंदा तिच्या नियोजनाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. कोर्ट एक, खेळाडू १६, आणि आजवर सरळ बाद पद्धत चालत आली आहे. १५ सामन्यांत स्पर्धा आटोपते ही सोय खरी. परंतु निम्मे खेळाडू शनिवारी सकाळीच एखाद्या मानांकित खेळाडूकडून ११-२, ११-३, ११-२ असे हरून मोकळे होतात आणि उरलेले दोन दिवस काचेमागे बसून काढतात. सगळे नोकरी-व्यवसाय सांभाळून खेळणारे आहेत. त्यांना पुढच्या वर्षी पुन्हा निमंत्रण पाठवताना मला संकोच वाटतो. प्रत्येकाला पुरेसा खेळ मिळेल आणि रविवारी संध्याकाळपर्यंत अंतिम सामनाही पार पडेल, अशी पद्धत कोणी राबवली असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

बॅकहँड

आपल्या अडचणीवर मॉनराड पद्धत हा उत्तम उपाय आहे. तिच्यात हरलेला खेळाडू बाहेर पडत नाही. जिंकलेला जिंकलेल्याशी आणि हरलेला हरलेल्याशी पुढची फेरी खेळतो, त्यामुळे दुसऱ्या फेरीपासूनच सामने तुल्यबळ होऊ लागतात आणि शेवटच्या क्रमांकापर्यंत प्रत्येक जागेचा निकाल लागतो.

मात्र १६ जणांचा एकच गट केल्यास प्रत्येकाचे ४, म्हणजे एकूण ३२ सामने होतील. पाच गेमच्या सामन्याला वॉर्म-अपसह सरासरी ४० मिनिटे धरली, तर एका कोर्टावर २१ तासांहून अधिक वेळ जाईल, आणि तो दोन दिवसांत बसवणे म्हणजे खेळाडूंचे आणि आयोजकांचे हाल आहेत. त्याऐवजी आठ-आठ जणांचे दोन गट करावेत. प्रत्येक गटात १२ सामने होतात आणि प्रत्येकाला ३ सामने निश्चित मिळतात. वरच्या गटाला पाच गेमचे सामने ठेवले तर ८ तास, खालच्या गटाला तीन गेमचे ठेवून २५ मिनिटे धरली तर ५ तास. एकूण १३ तास दोन दिवसांत आरामात बसतात, आणि लांबलेल्या सामन्यांसाठीही थोडी जागा उरते.

सातपूरकर

वरील हिशेब पटण्यासारखा आहे, पण त्याचे यश गटवारीवर अवलंबून राहील. मी खेळलेल्या एका स्पर्धेत एका संघाने राज्य पातळीवर खेळलेला खेळाडू ऐन वेळी खालच्या गटात उतरवला. तो सहज जिंकला, आणि ज्यांच्यासाठी तो गट केला होता त्यांचा हिरमोड झाला. म्हणून निमंत्रणपत्रातच प्रत्येक खेळाडूचा आपल्या क्लबच्या लॅडरवरील (क्लबमधील खेळाडूंच्या क्रमवारीतील) क्रमांक मागवावा, आणि पहिली फेरी संपेपर्यंत गट बदलण्याचा अधिकार आयोजकांकडे राहील असे स्पष्ट नमूद करावे.

आणखी एक विनंती आहे. मुलींना आणि कुमार खेळाडूंना केवळ जागा भरण्यासाठी खालच्या गटात घालू नये. चार मुली असल्या तरी साखळी पद्धतीने ६ सामने होतात आणि प्रत्येकीला ३ सामने मिळतात. तीन गेमचे ठेवल्यास शुक्रवारच्या संध्याकाळी अडीच तासांत ते उरकता येतील. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत झालेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी स्क्वॉशचा समावेश झाला. आमच्या कोर्टावर येणारे पालक आता त्याविषयी आवर्जून विचारतात. या मुलांना शहरातच सामने मिळाले पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

डबल_यलो

चेंडूचा विचार कृपया आधीच करावा. नाशिकच्या जानेवारीतील सकाळी सात-आठच्या सुमारास कोर्टाच्या भिंती गार असतात आणि दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू नीट तापतच नाही. जोरदार फटके मारणारे दोघे असतील तर तो तापलेला राहतो. नवख्यांच्या सामन्यात मात्र दोन रॅलींच्या मधल्या वेळातच तो निवतो, मागच्या कोपऱ्यात पडला की उसळीच घेत नाही आणि रॅली तिथेच संपते. खालच्या गटाला, निदान सकाळच्या सत्रात, एका पिवळ्या ठिपक्याचा, जरा जास्त उसळणारा चेंडू द्यावा आणि वरच्या गटाचे सामने उन्हे चढल्यावर ठेवावेत. स्पर्धा पावसाळ्यात नेण्याचा विचार कोणी मांडल्यास ठाम नकार द्यावा, कारण दमट हवेत भिंतींना आणि जमिनीला घाम फुटतो आणि पाय घसरून दुखापत होते.

गंगापूर_रोड

आपणा सर्वांचे आभार. आठ-आठचे दोन गट, लॅडरवरील क्रमांक आणि चेंडूची सूचना या तिन्ही गोष्टी निमंत्रणपत्रात घालत आहे. पंचगिरीचा प्रश्न तेवढा उरतो. हरलेल्या खेळाडूने पुढच्या सामन्याला पंच व्हायचे, ही आमची जुनी प्रथा आहे; परंतु खालच्या गटात अडथळा आल्यावर ‘लेट’ (रॅली पुन्हा खेळणे) की ‘स्ट्रोक’ (अडवल्या गेलेल्या खेळाडूला गुण) यावरून दर वर्षी वाद होतात.

बॅकहँड

प्रथा चांगली आहे, ती मोडू नये. पंच म्हणून बसल्याने नियमही अंगवळणी पडतात. फक्त खालच्या गटात हरलेल्या खेळाडूसोबत वरच्या गटातील एक जण बसवावा, म्हणजे गुण नवखा मोजेल आणि अडथळ्याचा निर्णय अनुभवी खेळाडू देईल. पहिल्या सामन्यापूर्वी सर्वांना एकत्र बोलावून दोन प्रसंग कोर्टावर उभे राहून दाखवावेत. एक, प्रतिस्पर्धी समोर उभा आहे आणि मारलेला चेंडू थेट समोरच्या भिंतीकडे जाताना त्याला लागला असता, तर साधारणपणे स्ट्रोक. दुसरा, चेंडूपर्यंत पोहोचता आले असते पण वाट अडली, आणि प्रतिस्पर्ध्याने बाजूला होण्याचा पुरेपूर प्रयत्न केला होता, तर लेट. बहुतेक भांडणे या दोन प्रसंगांवरूनच होतात, आणि ते डोळ्यांनी पाहिलेले असले की खेळाडू पंचाचा निर्णय निमूटपणे मान्य करतात.