अमिगाला मालकांनी नाही, त्याच्याच चिप्सनी मारलं. असहमत असाल तर या.

फ्लॉपीदास
जुन्या संगणकांचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं: अमिगा हा संगणक काळाच्या पुढे होता, तो बनवणाऱ्या कमोडोर कंपनीच्या साहेबलोकांनी त्याची माती केली. एप्रिल १९९४ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला तेव्हापासून हेच ऐकतोय. मला पटत नाही.

जुलै १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये 'अमिगा १०००' हे पहिलं मॉडेल लोकांसमोर आलं. अँडी वॉरहॉलने त्यावर डेबी हॅरीचं चित्र रंगवून दाखवलं. मॅक तेव्हा कृष्णधवल होता आणि पीसीचा आवाज म्हणजे नुसतं पीं पीं. इकडे ४०९६ रंग, चार वाहिन्यांचा आवाज आणि खरंखुरं मल्टिटास्किंग, तेही २५६ केबी मेमरीत. अमिगाची रचना करणारे 'जे मायनर' आणि मंडळींना सलामच.

पण हे साधलं कसं? ६८००० प्रोसेसर जेमतेम ७ मेगाहर्ट्झचा. खरी मेहनत अॅग्नस, डेनीस आणि पॉला या तीन चिप्सची. अॅग्नसमध्ये 'कॉपर' नावाचा एक चिमुकला सहप्रोसेसर होता, त्याला आज्ञा तीनच: थांब, लिही, टाळ. टीव्हीच्या पडद्यावर चित्र रेखणारा किरण अमुक ओळीवर पोचेपर्यंत थांब, पोचला की रंगाच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधल्या छोट्या कप्प्यात, ही किंमत लिही. खेळांमधली ती निळ्यापासून केशरीपर्यंत उतरत जाणारी आभाळं अशीच यायची, प्रोसेसरला जवळजवळ तोशीस न पडता.

गोची बिटप्लेनमध्ये आहे. ३२ रंगांचं चित्र मेमरीत पाच वेगळ्या थरांत असतं, प्रत्येक थरात पिक्सेलचा एकेक बिट. चित्र सरकवायला झकास, मेमरीही वाचते. पण एका पिक्सेलचा रंग बदलायचा तर पाच ठिकाणी हात घालायचा. पीसीच्या व्हीजीए या चित्रपद्धतीत २५६ रंगांना एक पिक्सेल म्हणजे एक बाइट, विषय संपला. १९९३ च्या अखेरीस पीसीवर डूम हा खेळ आला. त्यात पडद्याचा जवळपास प्रत्येक पिक्सेल नव्याने काढायचा असतो. आणि नंतरच्या अमिगा १२०० चे २५६ रंग म्हणजे आठ थर! कंपनीलाही हे कळत होतं, म्हणून तर सीडी३२ या खेळांच्या यंत्रात एका बाइटच्या पिक्सेलचं थरांमध्ये रूपांतर करायला 'अकिको' ही खास चिप घातली.

सोल्डरवाला
साफ असहमत. चिप म्हातारी झाली हा चिपचा गुन्हा कसा? १९८५ ची रचना १९९२ पर्यंत जवळपास तशीच विकली. १९९० मध्ये ईसीएस हा सुधारित चिपसंच आला, त्यात किरकोळ डागडुजी. तेवढ्यात पीसी व्हीजीएवरून त्याहून सरस एसव्हीजीएवर गेला. अमिगा घडवणाऱ्या लॉस गॅटोसच्या मूळ टोळीकडे व्हीआरएएम या चित्रासाठीच्या खास मेमरीवर चालणाऱ्या 'रेंजर' चिप्सची योजना तयार होती, ती बासनात गेली. ट्रिपल-ए या नव्या चिपसंचाचं काम १९८८ मध्येच सुरू झालं होतं. एक पिक्सेल एका जागी ठेवायची सोय त्यात होती, म्हणजे तुमच्या आक्षेपाचं उत्तर कागदावर होतंच. संशोधनाला पैसा नाही म्हणून ते रखडलं आणि तात्पुरती मलमपट्टी म्हणून १९९२ मध्ये एजीए हा चिपसंच आला.

अमिगा ६०० चं तर विचारूच नका. स्वस्त धाकटा भाऊ म्हणून काढायला घेतला आणि बनवायला अमिगा ५०० पेक्षा महाग पडला. काही महिन्यांत १२०० बाजारात. गिऱ्हाइकाने करायचं काय? हे कुठल्या चिपने ठरवलं, अॅग्नसने?

फ्लॉपीदास
६०० बद्दल बोलणंच खुंटलं. पण ट्रिपल-ए वेळेवर आला असता तरी जुने खेळ चालले असते का? १९९१ मध्ये ५०० प्लस आला, फरक तसा थोडाच, रॉममधली किकस्टार्ट २.०४ ही सिस्टिम आणि ईसीएस. तेवढ्यानेच कितीतरी खेळ रुसले. लोक पेटी उघडून जुना १.३ चा रॉम शेजारी बसवायचे आणि दोन्हींत अदलाबदलीला एक खटका लावायचे. खेळ लिहिणारे ऑपरेटिंग सिस्टिमला बाजूला सारून थेट रजिस्टरशी बोलत होते, कारण त्याशिवाय त्या चिप्सची मजाच नव्हती.

ट्रॅकरबुवा
आवाज काढणाऱ्या पॉलाबद्दल कोणी वाईट बोलायचं नाही. बाकी चालू द्या.

राइनकाठची
नोकरीनिमित्त जर्मनीत आहे, इथे जुन्या अमिगांचे भक्त अजून भेटतात. एकाने १००० चं झाकण उघडून दाखवलं होतं. आतल्या बाजूला बनवणाऱ्यांच्या सह्या कोरलेल्या आणि त्यात मायनर यांच्या मिची कुत्रीच्या पंजाचा ठसा!

मुद्द्यावर येते. फ्लॉपीदास, टीव्हीच्या किरणाशी बांधलेली रचना तुम्ही फास ठरवताय. त्याच बांधणीमुळे अमिगाचं चित्र बाहेरच्या व्हिडिओवर बिनबोभाट बसवता यायचं. १९९० मध्ये न्यूटेक कंपनीचा 'व्हिडिओ टोस्टर' हा व्हिडिओ-निर्मितीचा संच आला तो अमिगा २००० साठी, आणि जे काम स्टुडिओतली महागडी यंत्रं करत ते टेबलावर होऊ लागलं. 'बॅबिलॉन ५' या टीव्ही मालिकेच्या सुरुवातीच्या अंतराळ-दृश्यांमागेही हीच जोडी. हा धंदा न्यूटेकने ओळखला, कमोडोरला मात्र खेळण्यांच्या दुकानापलीकडचं दिसेना.

सोल्डरवाला
ताई, +१. आणि मॅकचं काय? तोही ६८००० वालाच. १९९४ मध्ये तो पॉवरपीसी या नव्या प्रोसेसरवर गेला आणि जगला.

फ्लॉपीदास
अहो, तुम्ही माझीच बाजू मांडताय! मॅकचे बहुतेक प्रोग्राम टूलबॉक्स या सिस्टिममधल्या तयार प्रोग्रामसंचामार्फत चित्र काढायचे, म्हणून खालचा प्रोसेसर बदलता आला. अमिगाकडे ग्राफिक्स लायब्ररी होती, पण खेळवाले तिच्या वाटेला जात नव्हते.

सोल्डरवाला
मग डूमचंच घ्या. १९९७ च्या अखेरीस त्याचा सोर्स खुला झाला आणि लगेच अमिगावर आला. ६८०४० या जास्त वेगवान प्रोसेसरचं कार्ड घाला, तो बऱ्यापैकी खेळता येतो, आठ थर असूनसुद्धा. १२०० दुकानातून यायचा तो निव्वळ २ एमबी चिप रॅम घेऊन, तीही प्रोसेसर आणि पडदा यांच्यात वाटलेली. थोडी फास्ट रॅम, म्हणजे फक्त प्रोसेसरची मेमरी, घातली की तेच यंत्र दुपटीच्या आसपास पळतं. ती न देण्याचा निर्णय हिशेबाच्या वहीत झाला.

फ्लॉपीदास
दिली असती तर ३९९ पौंडांना विकता आला असता का?

सोल्डरवाला
नसता. पण ४५० ला रांग लागली असती.

राइनकाठची
४५० ला? थोडी भर घालून लोकांनी पीसीच घेतला असता.