विषय: तेनेरिफे सहल – क्वाडच्या फेरीसाठी परवान्यांची अडचण (आजच उत्तर द्यावे)

प्रेषक: मीनल (सचिव)
२५ ऑक्टोबर

सर्वांना सप्रेम नमस्कार.

काल रात्री तेनेरिफे या स्पॅनिश बेटावरील क्वाडवाल्यांचे, म्हणजे हँडलाच्या चारचाकी गाड्या भाड्याने देणाऱ्यांचे, उत्तर आले आणि आपल्यापुढे पेच उभा राहिला आहे. २३ नोव्हेंबरच्या फेरीसाठी आपण सात गाड्या सांगून ठेवल्या आहेत, म्हणजे सात चालक आणि मागे बसणारे सात. त्यांच्या अटीप्रमाणे प्रत्येक चालकाकडे मोटारीचा, म्हणजे ‘बी’ वर्गाचा परवाना असला पाहिजे, तो मूळ स्वरूपात हातात असला पाहिजे आणि परवाना भारतीय असेल तर त्यासोबत आंतरराष्ट्रीय परवानाही दाखवावा लागेल. मोबाइलमधील परवाना ते ग्राह्य धरणार नाहीत. इथून, स्पेनमधून, निघणाऱ्या आम्हा सहा जणांपैकी स्पॅनिश परवाना फक्त माझ्याकडे आणि निखिलकडे आहे. त्यामुळे उरलेले पाच चालक सोलापूरकरांमधून मिळावे लागतील. आठही जणांनी आपल्या परवान्यावर नेमके कोणते वर्ग लिहिलेले आहेत ते पाहून आजच कळवावे.

प्रेषक: अण्णा, जुळे सोलापूर
२५ ऑक्टोबर

चि. मीनल, अनेक आशीर्वाद.

माझ्याकडे १९८१ पासूनचा दुचाकीचा परवाना आहे, त्याचे नूतनीकरण वेळच्या वेळी केलेले आहे आणि आजवर एकदाही माझ्याकडून दंड घेतला गेलेला नाही. तू पाठवलेली छायाचित्रे मी नीट पाहिली. या गाडीला स्टिअरिंगचे चाक नाही, हँडल आहे, सीटवर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचे आहे आणि हेल्मेट घालायचे आहे. अशी गाडी मोटारीपेक्षा मोटारसायकलला जवळची आहे, हे कोणीही मान्य करील. ज्याने आयुष्यात कधी हँडल धरलेले नाही, केवळ मोटार चालवली आहे, त्याला परवानगी द्यायची आणि चाळीस वर्षे हँडल धरणाऱ्याला मागे बसवायचे, हे मला न्यायाचे वाटत नाही. तू त्यांना आपली बाजू नीट समजावून सांगावीस अशी माझी आग्रहाची विनंती आहे. शैलजाकडे परवाना नाही.

प्रेषक: राजशेखर, सात रस्ता
२५ ऑक्टोबर

अण्णांच्या म्हणण्यात गाडी हाताळण्याच्या दृष्टीने तथ्य आहे, परंतु परवाना हँडलवर ठरत नाही. मी २२ वर्षे ड्रायव्हिंग स्कूल चालवले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याला आरटीओतून मिळणारी आंतरराष्ट्रीय परवान्याची पुस्तिका १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असते आणि तिच्यात वाहनांचे ए, बी, सी, डी, ई असे वर्ग छापलेले असतात. आपल्या मूळ परवान्यावर जे असेल त्याच वर्गापुढे शिक्का पडतो. मूळ परवान्यावर केवळ ‘एमसीडब्ल्यूजी’ (गिअरची मोटारसायकल) असेल तर ‘ए’पुढे, आणि ‘एलएमव्ही’ (हलके मोटार वाहन) असेल तर ‘बी’पुढे. आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे मूळ परवान्याचे एक प्रकारचे अधिकृत भाषांतर आहे, त्यातून नवा अधिकार मिळत नाही. त्यामुळे अण्णांनी हजार रुपये शुल्क भरून पुस्तिका काढली तरी ती या गाडीसाठी उपयोगाची ठरणार नाही.

आता मोटारीचा परवाना नव्याने काढता येईल का, असा प्रश्न येईलच. सोमवारी, २७ तारखेला, शिकाऊ परवाना मिळाला असे धरले तरी पक्क्या परवान्याच्या चाचणीसाठी ३० दिवस थांबावे लागते. म्हणजे २६ नोव्हेंबर उजाडणार, आणि आपली फेरी २३ ला आहे. यातून पळवाट काढून देतो असे सांगणारे आरटीओच्या दारात भेटतील, त्यांच्या नादी कृपया कोणी लागू नये.

माझ्याकडे ‘एलएमव्ही’ आहे. उमाकडे फक्त दुचाकीचा आहे.

प्रेषक: डॉ. सुनीता
२५ ऑक्टोबर

माझ्याकडे ‘एलएमव्ही’ आहे, परंतु कार्ड पोस्टाने यायचे असल्याने सध्या फक्त मोबाइलवर आहे. कार्ड मिळवण्याच्या मागे लागते. शरद सरांशी फोनवर बोलले, त्यांच्याकडे आणि त्यांच्या सौ.कडे केवळ दुचाकीचा परवाना आहे.

प्रेषक: वसंत (सहल समिती)
२६ ऑक्टोबर

सचिवांनी हा विषय थेट सर्वांच्या ई-मेल यादीवर मांडला, याबद्दल माझी नम्र नाराजी नोंदवतो. सहलीचे आरक्षण, अटी आणि हिशेब हे सहल समितीने पाहावे, असे गेल्या वर्षीच्या बसच्या प्रकारानंतर सर्वानुमते ठरले होते. क्वाडवाल्यांशी पत्रव्यवहार समितीमार्फत झाला असता तर ही अट सप्टेंबरमध्येच आपल्यासमोर आली असती आणि सोलापूरकरांना तीस दिवसांचा अवधी सहज मिळाला असता.

दुसरे म्हणजे, माझ्याकडे भारतीय परवाना असून त्यावर ‘एलएमव्ही’ आहे. मला मोजणीत का घेतले नाही?

प्रेषक: मीनल (सचिव)
२६ ऑक्टोबर

वसंतकाका, समितीला डावलण्याचा हेतू नव्हता. सप्टेंबरमध्ये आपण भारतात होतात आणि गाड्या अडकवून ठेवणे भाग होते. तरीही अटी आधी विचारायला हव्या होत्या, ही माझी चूक आहे आणि ती मी मान्य करते.

आपल्या परवान्याविषयी मात्र माझा नाइलाज आहे. भारतीय परवाना आणि आंतरराष्ट्रीय पुस्तिका यांवर स्पेनमध्ये गाडी चालवण्याची मुभा पाहुण्याला असते, आणि येथे राहायला आलेल्या माणसाला ती पहिल्या सहा महिन्यांपुरतीच असते. आपल्याला येथे येऊन चार वर्षे झाली. आपल्याला स्पॅनिश परवानाच लागेल.

म्हणजे आतापर्यंत मी, निखिल, राजशेखरकाका आणि सुनीताताई असे चार जण झाले. प्रभाकरमामांचे उत्तर यायचे आहे.

प्रेषक: प्रभाकर, विजापूर रोड
२६ ऑक्टोबर

सर्वांस नमस्कार. मुलाकडून टाइप करून घेत असल्यामुळे उत्तरास उशीर झाला.

मी एसटीत ३१ वर्षे चालक होतो, हे बहुतेकांना ठाऊक आहे. माझ्या परवान्यावर मोटार आणि प्रवासी वाहन असे दोन्ही वर्ग आहेत, गेल्या वर्षीच नूतनीकरण झाले असल्याने मुदतीची काही अडचण नाही आणि कार्ड खिशातच असते. माझे वय ६६ आहे, म्हणून मला मागे बसवावे असे कोणाच्या मनात असेल तर त्यांनी ते मला स्पष्ट सांगावे. वाईट वाटून घेणार नाही, परंतु माझे म्हणणेही ऐकून घ्यावे. मला ही गाडी मनापासून चालवायची आहे.

माझ्या दोन शंका आहेत. किनाऱ्यावरून निघून दोन हजार मीटरांवर चढायचे आणि तेवढेच उतरायचे, असे मीनलने लिहिले होते. एवढ्या उताराला नुसत्या ब्रेकवर गाडी आणली तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. आम्ही ज्या गिअरमध्ये घाट चढायचो त्याच गिअरमध्ये उतरायचो. या गाडीला गिअर नाहीत असे म्हणतात, तर मग इंजिनाने गाडी धरून ठेवायची कशी? दुसरी शंका अशी की, तेथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचे आहे. सरळ रस्त्यावर ते जमेल, पण चौकात सवयीने हात डावीकडेच जातो. चौक आला की पुढच्या माणसाकडे पाहायचे, की तेथे कोणी थांबून दाखवणार आहे?

प्रेषक: निखिल
२६ ऑक्टोबर

मामा, आपले प्रश्न अगदी नेमके आहेत. मी मागील वर्षी ही फेरी केली आहे.

या गाड्यांना बहुधा पट्ट्यावर चालणारी आपोआप बदलणारी गतिप्रणाली असते. दांड्यावर ‘एच’ (नेहमीच्या वेगासाठी) आणि ‘एल’ (संथ वेगासाठी) अशा दोन खुणा असतात. उताराला अंगठा पूर्ण सोडला की इंजिन गाडी बऱ्यापैकी रोखून धरते, आणि फार तीव्र उतार असेल तर वाटाड्या थांबवून ‘एल’मध्ये टाकायला सांगतो. अंगठा म्हणण्याचे कारण असे की, वेग वाढवण्यासाठी मूठ पिळायची नसते, उजव्या अंगठ्याने एक लहान पट्टी दाबून ठेवायची असते. तीन-चार तासांत अंगठा चांगलाच दुखतो.

मोटारसायकलची सवय असलेल्यांना, अण्णांची क्षमा मागून लिहितो, येथे पहिला अर्धा तास जड जातो. मोटारसायकल वळणात आपल्यासह कलते, ही गाडी कलत नाही. चार चाकांवर ती ताठ उभी राहते आणि आपल्याला बाहेर फेकू पाहते, म्हणून चालकाने आणि मागच्यानेही वळणाच्या आतल्या बाजूला अंग झुकवायचे असते. शिवाय अनेक गाड्यांची मागची दोन्ही चाके एकाच सरळ दांड्यावर असल्यामुळे ती एकाच गतीने फिरतात, त्यामुळे हँडल फिरवले तरी गाडी थोडी सरळ जाऊ पाहते. मोटारीचा परवाना का मागतात ते मला गाडी चालवल्यावर पटले.

वाटाड्या सर्वांत पुढे असतो, मागे एकेरी रांग असते आणि कोणी कोणाला ओलांडायचे नाही. चौकात वाटाड्या कसा गेला तेवढेच पाहायचे. गोल चौकाला उजवीकडून शिरून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जायचे.

प्रेषक: अण्णा, जुळे सोलापूर
२७ ऑक्टोबर

निखिलने लिहिलेले मी दोनदा वाचले. गाडी वळणात कलत नाही, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. मी आग्रह सोडतो. मात्र एक विचारतो. रांगेत, डांबरी रस्त्याने, वाटाड्याच्या मागून जायचे असेल तर त्यात ज्वालामुखीचा प्रदेश कसा पाहायला मिळणार? माझी समजूत होती की राखेतून आणि दगडांतून गाडी जाईल.

प्रेषक: शरद (सर)
२७ ऑक्टोबर

अण्णा, तैदे या ज्वालामुखीचा परिसर १९५४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि २००७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. उद्यानात रस्ता सोडून कोणतेही वाहन नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. लाव्हारसाच्या सुट्या खड्यांवर उमटलेला चाकाचा माग तेथील कोरड्या हवेत वर्षानुवर्षे पुसला जात नाही. तेथून दगड उचलून आणण्यासही मनाई आहे, हे येथेच सांगून ठेवतो, कारण दोघांनी मला नातवंडांसाठी खडा आणण्याविषयी विचारले आहे.

परंतु रस्त्यावरून काय दिसते ते ऐका. विलाफ्लोर हे गाव सुमारे १,४०० मीटर उंचीवर आहे. त्यानंतर कॅनरी पाइनचे जंगल लागते. वणव्यात ही झाडे कोळशासारखी काळी पडतात आणि त्याच खोडाला पुन्हा पालवी फुटते. जंगल संपले की बोका तौसेजवळ आपण एका प्रचंड कढईत उतरतो. ही ज्वालामुखीची खचलेली कढई जवळजवळ १६ किलोमीटर लांब आहे आणि तिच्यातच ३,७१५ मीटर उंचीचे तैदे शिखर उभे आहे. त्याच्या शेजारच्या पिको व्हिएहो या शिखराच्या कुशीतून १७९८ मध्ये तीन महिने लाव्हा वाहत होता. तो काळा प्रवाह रस्त्याच्या अगदी कडेपर्यंत आलेला आहे. नांगरून सोडलेल्या काळ्या रानासारखा तो दिसतो, फक्त प्रत्येक ढेकूळ दगडाचे आहे.

मी भूगोल शिकवताना मुलांना भुईकोट किल्ल्यात नेत असे आणि सांगत असे की, आपल्या पायाखालचा काळा दगडही लाव्हाच आहे. फरक एवढाच की तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून पसरला, त्यामुळे आपल्याकडे शंकूच्या आकाराचा डोंगर नाही, थरांवर थर आहेत, आणि तोच दगड झिजून ज्वारीची काळी जमीन झाली. तेथे जो दगड अवघा सव्वादोनशे वर्षांचा आहे, त्याची जमीन अजून व्हायची आहे. नोकरीत असताना हे कधी पाहता आले नाही, म्हणून मी येतो आहे. मागे बसून मला ते अधिक चांगले दिसेल.

प्रेषक: डॉ. सुनीता
२७ ऑक्टोबर

सरांच्या शेवटच्या वाक्यावरून लिहिते. मागे बसणे हे कमीपणाचे नाही, परंतु सोपेही नाही. ज्यांना कंबरदुखी किंवा मणक्याचा त्रास आहे, त्यांनी तीन-चार तास मागे बसू नये. शैलजावहिनींना मी हे स्पष्ट सांगितले आहे. थंडीचाही विचार करावा. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरते, म्हणजे किनाऱ्यापेक्षा वर १३ अंश कमी असेल, आणि त्यात गाडीवरचा वारा. सोलापूरच्या उन्हाची सवय असलेल्या आपल्याला ते झोंबेल. हातमोजे, कानटोपी आणि बंद बूट प्रत्येकाकडे असावेत.

प्रेषक: उमा, सात रस्ता
२७ ऑक्टोबर

मी यादीवर फारसे लिहीत नाही, परंतु हिशेब जुळतो आहे असे वाटले म्हणून लिहिते.

‘बी’ वर्गाचे चालक पाच आहेत: मीनल, निखिल, सुनीताताई, प्रभाकरमामा आणि आमचे हे. पाच गाड्या घेतल्या तर दहाच जण जातील आणि चौघे हॉटेलवर राहतील. सर्व रस्ता डांबरी आहे, म्हणजे त्याच रस्त्याने साधी मोटारही जाऊ शकते. मग क्वाड चारच घ्याव्यात, त्यांवर आठ जण बसतील, आणि उरलेल्या सहा जणांसाठी सात आसनांची एक मोटार भाड्याने घ्यावी. निखिलने रस्ता पाहिलेला आहे, तो मोटार चालवील. शैलजावहिनींना पाठ टेकून बसता येईल, जाड कपडे आणि शेंगाचटणी-कडक भाकरीचे डबे मोटारीतच राहतील, आणि वर कोणाला त्रास झाला तर त्याला मोटारीत बसवता येईल. सरांना मामांच्या मागे बसवावे, म्हणजे मामा रस्ता पाहतील आणि सर दगड पाहतील.

प्रेषक: वसंत (सहल समिती)
२७ ऑक्टोबर

उमाताईंची योजना समितीला मान्य आहे. तीन क्वाड रद्द करण्याचे पत्र आणि मोटारीचे आरक्षण समिती आजच करील. सचिवांनी आधीचा पत्रव्यवहार माझ्याकडे पाठवावा. मी मोटारीत बसेन.

प्रेषक: अण्णा, जुळे सोलापूर
२८ ऑक्टोबर

उमाताईंनी सर्वांची सोय पाहिली, त्यांचे आभार. मला राजशेखरच्या मागे जागा द्यावी. वळणात कोणत्या बाजूला झुकायचे ते मी लक्षात ठेवीन. परतल्यावर मोटारीच्या शिकाऊ परवान्यासाठी अर्ज करणार आहे, तेव्हा राजशेखरने मला शिकवावे.

प्रेषक: राजशेखर, सात रस्ता
२८ ऑक्टोबर

अण्णा, अवश्य शिकवीन.

सुनीताताई आणि प्रभाकरमामा, आंतरराष्ट्रीय परवान्याचे अर्ज आज संध्याकाळी माझ्याकडे बसून ऑनलाइन भरू. मूळ परवाना, पासपोर्ट आणि फोटो घेऊन यावे. पुस्तिका एक वर्ष किंवा मूळ परवान्याची मुदत, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत चालते. पासपोर्टवरील आणि परवान्यावरील नाव अक्षरशः एकच आहे का, हे घरूनच पाहून यावे. मामांच्या परवान्यावर वडिलांचे नाव आद्याक्षरात असल्याचे मला आठवते. तसे असल्यास उद्या सकाळी आरटीओत आधी त्याचीच चौकशी करू.