माणसागणिक परिणाम मोजता येतो म्हणे!

तिरपी_रेघ: कालच्या लेखात ठासून लिहिलंय की सरासरीचा जमाना गेला, कॉजल फॉरेस्ट (विदेतून कोणत्या प्रकारच्या लोकांवर किती परिणाम झाला याचा अंदाज काढणारा अल्गोरिदम) चालवलं की धोरणाचा कोणाला फायदा झाला आणि कोणाला तोटा, ते माणसागणिक कळतं. साफ चूक! समजा धोरण म्हणजे नोकरीसाठीचं प्रशिक्षण; ज्याला ते मिळालं, त्याचं ते न मिळता काय झालं असतं, हे कोणालाच दिसत नाही. संख्याशास्त्रज्ञ हॉलंडने १९८६ मध्ये मांडलेली ही मूळ अडचण कुठल्याही अल्गोरिदमने सुटलेली नाही.

समजा, चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. प्रशिक्षण न मिळालेल्यांत ४० टक्क्यांना नोकरी लागली, मिळालेल्यांत ५० टक्क्यांना. मग १० टक्क्यांचं भलं झालं आणि वाईट कोणाचंच नाही? असेलही. पण ५० टक्क्यांचं भलं आणि ४० टक्क्यांचं नुकसान, हेही याच आकड्यांत बसतं. फॉरेस्ट देतं तीसुद्धा सरासरीच, फक्त वय-शिक्षण जुळणाऱ्या लोकांची.

कोरा_तक्ता: लेख माझाच. मग काय, एक आकडा छापून गप्प बसायचं? अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या ‘जॉब्स फर्स्ट’ या सरकारी मदत योजनेच्या प्रयोगाचं २००६ सालचं विश्लेषण बघा. कमाईत तळाशी फरक शून्य, मध्यावर वाढ, वरच्या टोकाला शून्य किंवा घट. सरासरीत हे सगळं पुसलं जातं.

तिरपी_रेघ: तो दोन गटांच्या क्वांटाइलमधला, म्हणजे कमाईच्या क्रमाने लावल्यावर त्याच जागी येणाऱ्या आकड्यांमधला, फरक आहे. दोन्हीकडे तळाशी त्याच प्रकारची माणसं होती हे कशावरून?

उपगट_नको: मुळात उपगट पाडायची ही खोडच वाईट. हृदयविकाराच्या झटक्यावरच्या आयसिस-२ चाचणीत (१९८८, १७,००० हून जास्त रुग्ण) ॲस्पिरिनने जीव वाचले, पण राशींप्रमाणे गट पाडल्यावर मिथुन आणि तूळवाल्यांना उलट किंचित अपाय दिसला! लेखकांनी ते मुद्दाम धोका दाखवायला छापलं. आमच्या प्रकल्पात परिणाम शून्य आला तर वरून हुकूम, ‘कुठल्यातरी गटात काढा.’ निघाला. पुढच्या फेरीत त्याचा मागमूस नाही.

कोरा_तक्ता: त्याचसाठी तर अथी आणि इम्बेन्स या अर्थतज्ज्ञांनी २०१६ मध्ये अर्ध्या विदेवर गट ठरवून उरलेल्या अर्ध्यावर परिणाम मोजायची रीत दिली. वाचायचं नाही आणि ओरडायचं!

उपगट_नको: वाचलंय. नमुना अर्धा झाला त्याचं काय? सारख्याच आकाराच्या दोन उपगटांवरच्या परिणामांतला फरक मूळ परिणामाएवढा असला, तरी तितक्याच खात्रीसाठी चौपट नमुना लागतो. निम्मा असेल तर सोळापट. तो कोण देणार?

पायवाट: तुमचं नमुन्यांचं चालू द्या. माझा धाकटा भाऊ हातातली नोकरी सोडून अशाच प्रशिक्षणाला गेला. नवी मिळाली नाही, जुनी परत मिळाली नाही. अहवालात लिहिलं, ‘लाभार्थ्यांना सरासरी फायदा.’

तिरपी_रेघ: वाईट वाटलं. पण ती जुनी नोकरी तशीही टिकली असती का, हे तुम्हालाही माहीत नाही.

पायवाट: हे त्याच्यासमोर म्हणाल? आधीच नोकरीत असलेल्यांचं वेगळं काय झालं, एवढं विचारायलाही बंदी का?

उपगट_नको: बंदी नाही. हा प्रश्न प्रयोगाआधी लेखी नोंदवला, तर हा एक उपगट मला चालेल. एकच.

तिरपी_रेघ: मलाही. उत्तर मात्र ‘नोकरीत असलेल्यांची सरासरी’ असंच छापायचं. कोरा_तक्ता, लेखातलं ते ‘माणसागणिक’ काढा.

कोरा_तक्ता: ते वाक्य बदलतो. बाकी लेख तसाच राहील.